कूलरसमोरची भिंगरी

मित्रांनो, मी एक जुनी भिंगरी आहे. जुनी म्हणजे काय, मला अजून वर्षही झालेले नाही. पण कागदाच्या जातीला सहा महिने म्हणजे म्हातारपणच.

माझा जन्म सिंदी रेल्वे नावाच्या गावातला, मे महिन्यातल्या एका दुपारचा. नाना हे कचेरीतून निवृत्त झालेले कारकून, घरात एकटेच. त्यांची नात इला पुण्याहून सुटीत आली होती. दोघांनी मिळून एका लग्नपत्रिकेचा चौकोन कापला, कोपरे मधे दुमडले आणि बाभळीच्या काट्याने मला तुरीच्या वाळक्या काडीवर टोचले.

मी काही फिरेना. नानांनी जन्मभर अर्जांना टाचण्या लावल्या होत्या, मलाही तसेच करकचून बसवले होते.

“काऊन फिरत नाई बाप्पा हे?” फुंकून फुंकून नाना थकले.

इलाने काटा उपसला, मधे जुन्या सदऱ्याचे बटण घातले आणि काटा सैल बसवला. “नाना, थोडी ढिली ठेवायची. ही काय तुमची फाईल आहे?”

मी भर्रकन फिरले. नाना इतके हसले, की शेजारच्या अनुसयाबाई काय झाले म्हणून कुंपणावरून डोकावल्या.

जाताना इलाने मला फाटकाला बांधले. “मी दर रविवारी विचारीन हं, फिरते का म्हणून.”

“इचारजो माय. मी दाखवीन तुले.”

आणि ती खरेच विचारायची. पण वारा काय रविवार पाहून येतो? मग नानांनी युक्ती काढली. व्हिडिओ कॉलची वेळ झाली, की मला फाटकावरून सोडवून आणायचे आणि कूलर सुरू करून त्याच्यासमोर धरायचे. मी जीव तोडून फिरायचे. तिकडे इला टाळ्या पिटायची. तुषारांनी माझे एक पान भिजून गेले, तर नानांनी डिंकाने दुसरे चिकटवले. माझे तसे लाड पुन्हा झाले नाहीत.

दिवाळीला इला येणार होती, आली नाही. हळूहळू तिचे विचारणेही थांबले. गेल्या रविवारी थंडी मी म्हणत होती. नानांनी स्वेटर घातला, मफलर गुंडाळला, कूलर लावला आणि मला धरून बसले. फोनवर त्यांचा मुलगा स्वप्निल आला.

“इला क्लासले गेली, बाबा. अन् तुम्ही थंडीत कूलर काऊन लावून राह्यले?”

“गरमी होऊन राह्यली होती थोडी,” नाना म्हणाले.

फोन संपला. कूलर मात्र त्यांनी बंद केला नाही. मी फिरत राहिले आणि ते बघत राहिले. मला इतके एकटे वाटले, तर त्यांना किती वाटले असेल!

मित्रांनो, माझी काळजी नको. मी फाटले तर पत्रिका पुष्कळ येतात. पण तुमच्याही घरी असे कोणी वाट बघत असेल, तर त्यांना फोन करा. आणि जरा लवकर करा; थंडीत कूलरसमोर त्यांना फार वेळ बसवत नाही.