नफ्तालीवर बंद झालेलं पाणी

आमच्या बेटाजवळचा प्रवाळाचा पट्टा पाद्रीबाबा प्रार्थना गाऊन बंद करतात. त्याला सासी म्हणतात. सासी लागली की ते पाणी देवाचं. ती सुटेपर्यंत त्यातून शिंपलासुद्धा काढायचा नाही. बंद करण्याआधी हाका मारून सगळ्यांना पाण्याबाहेर बोलवायची रीत आहे.

दोन वर्षांपूर्वी पाद्रीबाबा ओबाया गाता गाता असे रंगले की हाका मारायच्या राहून गेल्या. त्यांचं प्रवचन म्हणजे निम्मं गाणंच. ऐकणाऱ्याचंही भान हरपतं. माझा थोरला भाऊ नफ्ताली तेव्हा हवेची टाकी पाठीला बांधून खालीच होता, पाहुण्यांच्या होडीचा अडकलेला नांगर सोडवत. 'आमेन' झालं आणि पाणी त्याच्यावर बंद झालं.

तो वर आलाच नाही. लोकांनी होडीतून वाकून वाकून पाहिलं, पण बंद पाण्यात उतरायची कोणाची छाती झाली नाही. ओढीने वाहून गेला असेल, असं म्हातारे म्हणाले. सेल्फिनावहिनी मात्र एकच सांगत राहिली, "ते तिथेच आहेत. सासी सुटली की मला त्यांना माती द्यायचीय."

आज सासी सुटली. टोपल्या घेतलेल्या बायका किनाऱ्यावर थांबल्या होत्या. आधी मी उतरणार असं ठरलं होतं. होडीत वहिनी, पाद्रीबाबा आणि सुकाणूवर हाबेलकाका.

"भावजी, रिकाम्या हाताने आलात तर होडीत घेणार नाही हं," वहिनी म्हणाली.

"हिनं वल्हं हाणलं तर मी मधे पडायचो नाही, आधीच सांगतो," हाबेलकाका म्हणाले. "घरी बायकोचा मार खातोय तेवढा पुरे."

पाद्रीबाबा हसले नाहीत. दोन वर्षांत वहिनी त्यांच्याशी एक शब्द बोलली नव्हती.

खाली मासेच मासे होते. पिवळे, निळे, पट्ट्यापट्ट्यांचे, थव्यावर थवे. मी मधून गेलो तरी कोणी हललं नाही. पाण्याला ओढ नव्हती, तरी सगळ्यांची तोंडं एकाच कपारीकडे होती, देवळात बसलेल्या माणसांसारखी.

कपारीत तो होता. टाकीवर गुलाबी थर चढलेला. काळ्या पोशाखाच्या बाहीतून प्रवाळाच्या फांद्या बाहेर आलेल्या, आणि गळ्याशी काचेसारखी पिल्लं आतबाहेर करत होती. त्याच्या चष्म्यामागे मी पाहिलं नाही. देवाचं नाव घेतलं, पण तोंडात नळी. नुसते बुडबुडे निघाले. क्षणभराने त्याच्या गळ्यातूनही बुडबुडे निघाले.

मी वर आलो.

"आहे," म्हटलं. "पण प्रवाळानं धरून ठेवलाय. सोडवायचा तर तोडावा लागेल."

जिवंत प्रवाळ तोडणं आमच्यात पाप. हाबेलकाकांनी मान खाली घातली. वहिनी वळली.

"पाद्रीबाबा, बंद तुम्ही केलंत. आता तुम्हीच सांगा."

"तोड, लेकरा," ते म्हणाले. "पाप माझ्याकडे."

लोखंडी कांब घेऊन मी पुन्हा उतरलो. पहिल्या घावाला सगळे मासे एकदम दिसेनासे झाले. नंतर त्या निळ्या पाण्यात आम्ही दोघे भाऊच उरलो. फांद्या तुटत गेल्या तसा तो हलका होत गेला, इतका की शेवटी मी त्याला वर नेत होतो की तो मला, ते कळेना.

वहिनीनं शिडाच्या कापडात गुंडाळून त्याला मांडीवर घेतलं. घरापर्यंत कोणाला हात लावू दिला नाही.

अंगणात माती दिली. पाद्रीबाबांनी ओळ म्हणायची आणि गावानं उचलायची. त्यांचा आवाज आज फाटका होता, तरी असं गाणं मी त्यांच्याकडून कधी ऐकलं नव्हतं. आमची ओळ संपली की मागून एक खर्जातला आवाज तीच ओळ म्हणायचा, थोडा उशिरा, खोल पाण्यातून आल्यासारखा. कोणी मागे वळून पाहिलं नाही.

पाद्रीबाबा पुढची ओळ घेऊ लागले, तशी वहिनीनं त्यांच्या हातावर हात ठेवला.

"सावकाश घ्या, बाबा," ती म्हणाली. "त्यांना येऊ द्या."