खुर्चीचा चौथा पाय

"देवाने या जगात दोनच प्रकारची माणसं घडवली. एक नीतिमान आणि दुसरी पापी. तिसरा प्रकार त्याने काढलाच नाही."

हे विधान गुण्याने लाकूड चिकटवायचा सरस ढवळता ढवळता केलं. ऐकायला सुतारखान्यात एक अर्धवट कपाट आणि डबा घेऊन आलेली त्याची बायको, एवढेच हजर होते. कपाट गप्प राहिलं. बायको म्हणाली, "अहो नीतिमान, तुमची बाही सरसात गेलीय."

गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं सुताराचं हत्यार. घरातल्या या थोरल्या मुलाला हे नाव लहानपणीच चिकटलं, कारण कुठे काय वाकडं आहे ते सांगितल्याशिवाय त्याला घास उतरत नसे. दार तिरकं आहे, टेबल कललंय, शेजारच्या काकांचं नाक मध्यावर नाही. पुढे तो वडिलांच्याच सुतारखान्यात सुतार झाला आणि या खोडीला धंद्याची प्रतिष्ठा मिळाली. चर्चमध्ये तो पहिल्या बाकावर बसायचा. पापांगीकाराची, म्हणजे आपली पापं कबूल करायची प्रार्थना सगळ्यांत मोठ्या आवाजात म्हणायचा आणि म्हणता म्हणता मान किंचित मागे वळवायचा, म्हणजे ज्याचा माल त्याच्यापर्यंत पोचावा.

पापी प्रकारातला जो नमुना सध्या त्याच्या डोक्यात होता, तो त्याचा सख्खा धाकटा भाऊ.

धाकटा काही वर्षांपूर्वी बाबांशी भांडला आणि त्यांची हत्यारांची पेटी उचलून चालता झाला. आजोबांपासून चालत आलेली पेटी. ती त्याने पिऊन टाकली. आधी रंधे प्यायला, मग पटाश्या प्यायला, शेवटी करवतीही प्यायला. यंदा थंडी सुरू होताना परत आला, तेव्हा त्या पेटीतली एक पेन्सिल तेवढी त्याच्या कानावर उरली होती.

"बाबा, एवढीच राहिलीय," तो दारातूनच म्हणाला.

बाबांनी पेन्सिल हातात घेऊन उजेडात धरली. "टोक मोडलंय," ते म्हणाले. मग पटाशीने नीट टोक काढून त्यांनी ती परत त्याच्याच कानावर खोचली, आणि नंतर बराच वेळ तो कान सोडलाच नाही.

गुण्याच्या पोटात दुखायला लागलं ते तेव्हापासून. खरं तर त्याच्याही आधीपासून. धाकटा नव्हता त्या सगळ्या वर्षांत बाबा संध्याकाळ झाली की दाराबाहेर स्टूल टाकून रस्त्याकडे बघत बसायचे. गुण्या आत रंधा मारायचा. त्याच्या वाट्याला बाबांची पाठ यायची. मुलाने बापाचा चेहरा ओळखावा तशी त्याने ती पाठ ओळखून ठेवली होती.

आता तर ताळतंत्रच उरलं नव्हतं. खिडकीजवळचं कामाचं बाक, जिथे उजेड चांगला पडतो, ते धाकट्याला. नवीन करवत धाकट्याला. आणि रोज दुपारी बाबा चष्मा कपाळावर चढवून विचारायचे, "धाकट्या, जेवलास का रे?" गुण्याला त्यांनी हे कधीच विचारलं नव्हतं. गुण्या जेवलेला असायचाच. आता विचारतील म्हणून तो एकदा उपाशी राहिला. तिन्हीसांजेला त्याला चक्कर आली, तेव्हा बाबा म्हणाले, "जास्त जेवलास वाटतं."

"तुमचं ना, काहीतरीच," बायको रात्री म्हणाली. "म्हातारा माणूस विचारतो त्या पोराला, त्यात तुमचं काय जातं?"

"तत्त्वाचा प्रश्न आहे."

"तत्त्व उपाशी आहे, एवढंच दिसतंय मला."

अशातच चर्चमधली पाळकसाहेबांची खुर्ची मोडली. गर्विष्ठाचं पतन कसं होतं यावर दणदणीत प्रवचन करून ते मागे बसले आणि खुर्चीसकट खाली गेले. मंडळीतल्या काही जणांना तो प्रवचनाचाच भाग वाटला. एक आजी तर "आमेन" म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी कंबर धरून पाळकसाहेब सुतारखान्यात आले. "मजबूत हवी," ते म्हणाले. "येणाऱ्या रविवारी पश्चात्तापावर बोलायचंय. ते लांबतं, मग बसावं लागतं."

गुण्याने पेन्सिल काढली. असलं काम आपल्याशिवाय कोणाकडे जाणार? खुर्चीच्या पाठीला कसली नक्षी करायची, हेही त्याचं मनात ठरून गेलं.

"धाकटा करेल," बाबा म्हणाले.

पाळकसाहेबांनी कंबर चाचपली. "धाकटा? म्हणजे जो... परत आला तो?"

"तोच."

"बाबा," गुण्या म्हणाला, "चर्चचं काम आहे. याचे हात अजून थरथरतात."

"म्हणूनच," बाबा म्हणाले आणि सरस गार झालाय का ते बघायला गेले. बाबांशी वाद घालायची हीच अडचण होती. ते अर्ध्यातून सरस बघायला जायचे.

त्या सुतारखान्याची एक रीत होती. खोलीच्या मधोमध एक फरशी होती, पाणी ओतलं तरी हलणार नाही इतकी सपाट. तयार झालेली प्रत्येक खुर्ची तिच्यावर ठेवायची आणि बाबांनी बसायचं. डोळे मिटायचे, दोन्ही पाय वर उचलायचे आणि अंग थोडं इकडे, थोडं तिकडे करायचं. खुर्ची जराशी जरी डुगडुगली तरी ती दाराबाहेर जात नसे. बाबांचे गुडघे केव्हाच संपावर गेले होते आणि जमिनीवर बसणं त्यांनी सोडूनच दिलं होतं. एकदा बसले की उठवायला माणूस लागे. पण खुर्चीवर बसायचा मान त्यांनी दुसऱ्या कोणाला दिला नव्हता.

धाकट्याने खुर्ची केली. गुण्या रोज कपाटाच्या आडून बघत राहिला. सांधा उघडा राहील, पाठ वाकडी येईल, हात थरथरेल, अशा साध्यासुध्या आशा त्याने मनात बाळगल्या होत्या. त्यातली एकही पुरी झाली नाही. शेवटी एका दुपारी बाबा आणि धाकटा जेवायला गेले असताना तो खिशातून गुण्या काढून त्या खुर्चीपाशी गेला. हा कोपरा तपासला, तो कोपरा तपासला. सगळे काटकोन बरोबर. हात फिरवला, तर लाकूड मांजराच्या पाठीसारखं मऊ लागलं. खुर्ची सुंदर झाली होती. त्याने केली असती त्याहून सुंदर. जगात हे फक्त दोघांना कळलं असतं. एक बाबा, आणि दुसरा तो स्वतः.

त्याच्या हाताने करवत कधी उचलली ते त्याला नंतर नीट आठवेना. एवढं आठवत होतं, की मागच्या डाव्या पायाच्या बुडाचा गव्हाच्या दाण्याएवढा काप त्याने काढला. आणि हेही, की कापायच्या आधी त्याने पायाभोवती सुरीने बारीक रेघ मारून घेतली होती, म्हणजे लाकडाची कड फुटू नये. कापून झाल्यावर त्याने कडा कानशीने मारल्या, वर काचकागद फिरवला, आणि भुसासुद्धा झाडून ठेवला. पाप केलं, पण कामात हयगय केली नाही.

धाकटा जेवून आला तोच गुण्याच्या बाकापाशी. पेन्सिल कानावरून काढून उगाच बोटांत फिरवत राहिला.

"दादा, एक सांगू? हसणार नाहीस ना?"

"मी कधी हसतो?"

"हेही खरंच. उद्या बाबा बसणार खुर्चीवर. हे बघ, माझा हात. थरथरतोय की नाही? पण खुर्ची करताना एकदाही थरथरला नाही. मी म्हटलं, देवाने अजून सोडलेलं दिसत नाही आपल्याला. पण उद्या ती डुगडुगली ना, तर मी समजेन की गेलं ते गेलं. बाबांना पुन्हा तोंड दाखवणार नाही. जाईन."

"कुठे जाशील?"

"होतो तिथेच."

धाकट्याने इथून जावं, हे गुण्याचं जुनं मागणं होतं. रोज सकाळच्या प्रार्थनेत, नाव न घेता, सभ्य शब्दांत, तो ते देवापुढे ठेवत असे. ते इतक्या तातडीने मंजूर होईल, असं त्याला वाटलं नव्हतं.

धाकटा जाता जाता वळला. "दादा, तू जेवलास का रे?"

गुण्याने मान हलवली. हो की नाही, ते त्याचं त्यालाही कळलं नाही. डबा त्याने उघडलाच नव्हता.

ती रात्र त्याने या कुशीवरून त्या कुशीवर करत काढली. उजाडताच तो उठला आणि कोणाला न सांगता सुतारखान्यात गेला. उपाय अगदी सोपा होता. तीन पाय चौथ्याच्या मापाने कापायचे, की खुर्ची पुन्हा स्थिर. गव्हाच्या दाण्याएवढी बुटकी झालेली पाळकसाहेबांना काय कळणार?

फक्त धाकट्याच्या हातातली थरथर आता गुण्याच्या हातात आली होती. पहिला पाय जास्त कापला गेला. म्हणून दुसरा कापला, तो तिरका गेला. तो सरळ करायला पुन्हा कापला. खुर्ची पुढे झुकली. त्याने पुढचे पाय कापले. ती मागे झुकली. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात एक काप चुकवला नव्हता, तो घामाघूम होऊन चुकत राहिला, कापत राहिला, आणि तोंडाने "देवा, एवढी एक, एवढी एकच" असं काहीसं पुटपुटत राहिला. अखेर खुर्ची हलायची थांबली. तेव्हा तिची उंची लहान मुलाच्या पाटाएवढी राहिली होती, आणि वर ती देखणी, भारदस्त पाठ तशीच होती. गुडघ्यापर्यंत चिखलात रुतलेला न्यायाधीश दिसावा, तशी ती दिसत होती.

दार वाजलं. बाबा आत आले. त्यांनी खुर्ची पाहिली, भुसा पाहिला, पाहिलं नाही ते थोरल्याच्या तोंडाकडे.

"मी कापले," गुण्या म्हणाला. आवाज पहिल्या बाकावरचा नव्हता. "आज नाही. म्हणजे आजही. पण काल आधी एक कापला. ती चांगली झाली होती म्हणून. हे सुधारायला... बाबा, मी वाईट माणूस आहे."

"कालच पाहिला मी तो पाय," बाबा म्हणाले. "संध्याकाळी उलटी करून बघितली खुर्ची. पायाच्या बुडाला, जिथे कोणी आयुष्यात बघणार नाही, तिथे काचकागद मारणारा या घरात एकच आहे."

"मग बोलला का नाहीत?"

"वाट बघत होतो."

"कशाची?"

"तुझी. आजकालची नाही, फार वर्षं बघतोय. धाकट्याची वाट बघायला दाराबाहेर स्टूल टाकता आलं. तुझी बघायला स्टूल कुठे टाकायचं, तेच कळेना. तू सारखा घरातच."

गुण्या खाली बघत उभा राहिला. डोळे पुसताना भुसा डोळ्यांत गेला, त्यामुळे नक्की कशाने पाणी आलं याचा निकाल लागला नाही. पश्चात्ताप खरा होता, पण जुनी खोड एका सकाळीत जात नाही. त्याने हळूच विचारलं, "मग जास्त कोणाची बघितलीत?"

"तुझी," बाबा म्हणाले. "तो घरात नाही, हे निदान मला ठाऊक होतं."

दाराशी आवाज झाला. धाकटा उभा होता. आधी तो खुर्चीकडे बघत राहिला, मग तिच्या बुडाशी पडलेल्या तुकड्यांकडे. त्याचा चेहरा पांढरा पडला.

"धाकट्या, हे मी केलं," गुण्या म्हणाला. या वेळी मान मागे वळली नाही. "तुझी खुर्ची उत्तम होती. तिच्यात काही नव्हतं. वाकडं होतं ते माझ्यात. तू कुठे जाऊ नकोस."

धाकट्याने एक तुकडा उचलला, बोटाने त्याची गुळगुळीत कड चाचपली, आणि त्याचा ओठ वाकडा झाला. रडतो की हसतो ते कळेना.

"दादा," तो म्हणाला, "एवढी चांगली झाली होती?"

"हो."

"तू गुण्या लावून बघितलास?"

"सगळीकडून."

"मग झालं तर," धाकटा म्हणाला आणि बाहीने नाक पुसलं. "पाळकसाहेब नम्रतेवर फार बोलतात. आता बसतील तिच्यावर."

"नवे पाय मी करतो," गुण्या घाईने म्हणाला. "रविवारच्या आत. बसव मात्र तू."

बाबांनी हात वर करून दोघांना गप्प केलं. मग रीत ती रीत म्हणून ते त्या फरशीवरच्या बुटक्या खुर्चीवर टेकले. टेकले म्हणण्यापेक्षा कोसळले. गुडघे हनुवटीशी आले. त्यांनी डोळे मिटले, पाय उचलले, अंग इकडे केलं, तिकडे केलं. खुर्ची हलली नाही. त्यांचा चेहरा एकदम गंभीर झाला.

"पोरांनो," ते म्हणाले, "आज मला स्वर्गातल्या बापाविषयी एक गोष्ट कळली."

दोघे भाऊ पुढे सरकले.

"ती मी मागाहून सांगेन. आधी मला हात द्या, इथून उठता येत नाहीये. आणि दोघांनीही द्या रे. एकाने दिला, तर दुसऱ्याला वाईट वाटेल."