डाव्या कानाचा दागिना

पाणीपुरवठ्याच्या त्या मोठ्या कचेरीत माणूस निवृत्त झाला की त्याला भिंतीवरचं घड्याळ मिळायचं. गोल, सोनेरी काठाचं, तबकडीवर कचेरीचं नाव. चौदा वर्षं ही खरेदी एकाच वरिष्ठ लिपिकाकडे होती, आणि त्यामुळे त्या गृहस्थांचं खरं नाव पगारपत्रकाखेरीज कुठेच शिल्लक राहिलं नव्हतं. सगळे त्यांना घड्याळकाका म्हणत.

काकांनी एकदाच अख्खं खोकं भरून घड्याळं आणून ठेवली होती. सगळी एका आईची लेकरं! भिंतीवर लावली की गुमान वीस मिनिटं मागे पडायची आणि मग आयुष्यभर तिथून हलायची नाहीत. निवृत्त झालेले बाराजण रोज संध्याकाळी साडेपाचला बागेत जमत. म्हणजे त्यांचे साडेपाच. जगाचे पाच पन्नास. पण सगळेच सारखे उशिरा, त्यामुळे कुणाला पत्ताच नाही. बाकावर बसून म्हणत, "हल्ली सूर्यच लवकर मावळायला लागलाय हो. पूर्वीची शिस्त राहिली नाही."

आणि मग एका सोमवारी टेलिफोन ऑपरेटरबाईंनी काकांना आपल्या खोलीच्या दारात अडवलं. एकतीस वर्षं त्या खोलीत बसून बाईंनी शहराच्या पाण्याच्या तक्रारी ऐकल्या होत्या. येत्या शुक्रवारी त्या निवृत्त होणार होत्या.

"काका," वयानं चार वर्षांनी मोठ्या असूनही त्या त्यांना काकाच म्हणत, "घड्याळ देणार असाल तर मी समारंभाला येणार नाही."

"अहो बाई, असं कसं?"

"एकतीस वर्षं लोक मला फोन करून पाणी कधी येणार विचारतायत. आता घरी भिंतीवर आणखी वेळ टांगून घेऊ? तुम्ही मला विसरलात तरी चालेल, पण घड्याळ देऊन आठवण काढू नका."

बाईंविना बाईंचा निरोप समारंभ! साहेब काय म्हणतील?

पण काका डगमगणारे नव्हते. जेवणाच्या सुट्टीत बाजारातल्या दागिन्यांच्या मोठ्या काचबंद दुकानात शिरले आणि पावणेसात मिनिटांत बाहेर पडले. मखमली डबी, तिच्यात सोन्याचा मुलामा दिलेली झगझगीत कर्णफुलं. घरी येऊन त्यांनी ती बायकोपुढे अशी धरली, जणू स्वतःच घडवली होती.

काकूंनी डबी पाहिली. कपाट उघडलं आणि तशाच तीन डब्या काढून ओळीनं मांडल्या.

"ही भाचीच्या लग्नातली. ही शेजारणीनं दिलेली. ही कुणी दिली देव जाणे. चौथी ठेवा शेजारी, खेळायला सोबत होईल!"

"अगं, पण चांगली आहेत!"

"चांगली आहेत म्हणून तर कुणी घालत नाही. अहो, बाईंचे कान बघितलेत का कधी?"

"त्यात बघायचं काय? असतात की दोन!"

"एकवीस वर्षं एका मजल्यावर काम करताय," काकू म्हणाल्या, "आणि एवढीच माहिती? त्या किल्लीवाल्याच्या मागच्या बोळात जा. माझ्या शालीची पिन तिथल्या बाईनं केलीय. माझ्या डाव्या खांद्याचं दुखणं विचारून केलीय, एका हातानं लागते."

वाचकहो, तुमच्याही कपाटात अशा दोनचार डब्या असतील. उघडून बघू नका, गोष्ट लांबेल.

दुसऱ्या दिवशी काका त्या बोळात गेले. एक खिडकी, एक लाकडी मेज, मेजाला बांधलेला चामड्याचा झोळ, कारण घासताना उडणारा चांदीचा कणही वाया जाऊ द्यायचा नाही. कारागीर बाईनं चष्मा केसांत खोवला होता आणि तोच ती मेजावर शोधत होती.

"डोक्यावर आहे," काका म्हणाले.

"बघता येतं तुम्हाला. बरं झालं," ती म्हणाली. "कुणासाठी हवंय?"

"आमच्या ऑपरेटरबाई निवृत्त होतायत."

"ते कशासाठी झालं. कुणासाठी?"

"म्हणजे... बाईंसाठी."

"उंच आहेत की ठेंगण्या?"

"बसलेल्याच असतात."

"केस?"

"आहेत."

"हातात काय असतं? काय घालतात, काय आवडतं?"

काकांना परीक्षेत पेपर कोरा दिल्यासारखा घाम फुटला. कारागीर बाईनं पकड खाली ठेवली.

"त्यांनी तुमच्यासाठी कधी काही केलंय?"

आणि इथे काकांना एकदम बोलता यायला लागलं. "माझी मुलगी झाली तेव्हा मी लांबच्या पंपघरावर होतो. बायको दवाखान्यात, तिची तब्येत बिघडलेली. तेव्हा मोबाईल कुठले? बाईंनी एकोणीस ठिकाणी फोन लावले. एकोणिसावा एका चहाच्या टपरीवर. मी तिथे होतो. त्या नसत्या तर मी वेळेत पोचलो नसतो." ते थांबले. "मी त्यांना नीट धन्यवादही दिले नाहीत. राहूनच गेलं. आणि काल दुकानात जाऊन पावणेसात मिनिटांत एक कर्णफुलांची डबी घेऊन आलो."

"मग तुम्ही डबी घेऊन हे फेडणार होतात?" कारागीर बाईचा आवाज मऊ होता, पण शब्द मऊ नव्हते. "दादा, यंत्राशी माझं भांडण नाही. यंत्रानं केलेली वस्तूही सुंदर असते. पण पावणेसात मिनिटांत घेतलेली भेट समोरच्याला सांगते, 'आमचं कर्तव्य उरकलं.' हातानं करायची म्हटली की मला विचारावं लागतं आणि तुम्हाला बघावं लागतं. निम्मा दागिना त्या बघण्यातच तयार होतो. जा, बघून या. आणि त्यांच्या कामातलं काहीतरी मिळालं तर आणा."

बुधवारी काका चार वेळा ऑपरेटरबाईंच्या खोलीत गेले. एकदा टाचण्या मागायला, एकदा टाचण्या परत करायला, एकदा पंखा बघायला, एकदा नुसतेच. चौथ्या वेळी बाईंनी फोन ठेवला.

"काका, माझ्या कानात काय बातमी छापून आलीय?"

काकांनी तेव्हा पाहिलं आणि ते जागच्या जागी खिळले. उजव्या कानात एक साधा मोती होता. डावा कान उघडा होता. भोकसुद्धा बुजलेलं!

"बाई, हा कान...?"

"उजव्या हातानं तक्रार लिहायची, म्हणजे फोन डाव्या कानाला," बाई हसल्या. "कानातलं टोचायचं. पहिल्याच वर्षी काढून खणात ठेवलं, आणि मग राहिलं ते राहिलंच. या कानानं शहराच्या शिव्या ऐकल्या, त्या कानानं मोती घातला. दोघांनी कामं वाटून घेतली."

"एकतीस वर्षं?"

"कुणी विचारलं नाही हो. तुम्ही पहिले."

काकांना कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. एकवीस वर्षं! ते तडक तळघरात गेले. तिथे जुना टेलिफोन बोर्ड भंगारात पडला होता. पूर्वी बाई त्याच्यात नंबर घातलेल्या, पितळी टोकाच्या दोऱ्या खोचून लोकांची लाईन जोडायच्या. साहेबांची लेखी परवानगी घेऊन काकांनी त्यातली दोन टोकं काढून आणली. धूळ त्यांच्या भुवयांपर्यंत गेली होती. पण चेहरा असा, की शिपायानं विचारलं, "काका, बढती मिळाली का?"

कारागीर बाईनं टोकं हातात घेतली, डाव्या कानाची हकिगत ऐकली आणि चष्मा डोळ्यांवर ओढला. "आता कळलं मला कुणासाठी ते."

शुक्रवारी चारला समारंभ होता. बारा निवृत्त पाहुणे सगळे एकदम, बरोबर चार वाजून वीस मिनिटांनी आले आणि म्हणाले, "बघा, आम्ही वेळेवर!" ऑपरेटरबाईंनी काकांकडे पाहिलं. काकांनी छताकडे.

बाई आल्या होत्या, पण खुर्चीच्या टोकावर बसल्या होत्या, घड्याळ दिसताच उठता यावं म्हणून. साहेबांचं भाषण झालं. काकांनी पुढे होऊन एक सुती कापडाची लहानशी पुरचुंडी त्यांच्या हातात ठेवली.

बाईंनी गाठ सोडली. आत दोन कर्णभूषणं होती, आणि दोन्ही वेगळी. एक चांदीच्या आकड्यात लोंबणारं पितळी टोक, घासून मधासारखं केलेलं. दुसरं तशाच पितळेची वळलेली कोयरी, कानामागून अडकवायची, भोक न लागणारी. कानाला टेकेल तिथे चांदी.

बाईंनी पितळी टोक बोटात फिरवलं आणि त्यांचे डोळे विस्फारले. "हा सतरा नंबर! हा पोचा मीच पाडलाय! मेला कधी सरळ बसायचा नाही, दणका घालावा लागायचा!"

सभागृह हसलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी मोती काढून सतरा नंबर उजव्या कानात घातला. मग दुसरं उचललं. आणि एकतीस वर्षं रिकाम्या राहिलेल्या त्या कानाला ते हळूच अडकवलं.

"बाई," काका म्हणाले, आणि चौदा वर्षं ठरलेलं भाषण विसरले. "एकोणीस फोन लावले होतेत तुम्ही. माझी मुलगी आता वीस वर्षांची आहे. धन्यवाद. फार उशीर झाला."

"वीस मिनिटांपेक्षा जरा जास्तच," बाई म्हणाल्या, आणि मग त्यांनी पदरानं डोळे टिपले.

तेवढ्यात शेजारच्या खोलीत फोन वाजला. सवयीनं बाई उठल्या. सगळे त्यांच्यामागे दारापर्यंत गेले. त्यांनी फोन उचलला, डाव्या कानाकडे नेला आणि मध्येच थांबल्या. पितळ उन्हात चमकत होतं. बाईंनी वळून फोन घड्याळकाकांच्या हातात दिला.

"घ्या काका. माझा डावा कान आजपासून निवृत्त!"

काकांनी तो कानाला लावला. पलीकडून एक गृहस्थ ओरडत होते, तीन दिवस पाणी नाही म्हणून. काकांनी सगळं ऐकून घेतलं, पत्ता लिहून घेतला, आणि बाई एकतीस वर्षं काय ऐकत होत्या ते त्यांना पहिल्यांदा कळलं.

तेव्हा वाचकहो, बोध एवढाच. भेटवस्तू घ्यायला निघालात तर आधी दुकानाकडे जाऊ नका. ज्याला द्यायची त्याच्याकडे जा. त्याचा हात बघा, कान बघा, खांदा कुठला दुखतो ते विचारा. मग अशा एखाद्या बोळात जा, जिथे कुणी तुम्हाला उलट प्रश्न विचारेल, आणि सांगितलं जाईल ते मोल घासाघीस न करता द्या. लहानशी का होईना, ती वस्तू कपाटात पडून राहणार नाही.

आता त्या कचेरीत काकांना घड्याळकाका म्हणत नाहीत. कुणी निवृत्त होणार असलं की ते महिनाभर आधी त्याच्या टेबलाभोवती टाचण्या मागत फिरतात, आणि सगळे समजून जातात. खोक्यात उरलेलं शेवटचं घड्याळ मात्र त्यांनी स्वतःच्या घरी लावलंय. वीस मिनिटं मागे. संध्याकाळी बागेत त्या बाराजणांशी चुकामूक व्हायला नको म्हणून.