मावशींनी खटका बंद केला

मित्रांनो, तुमच्या घरी टीव्हीखाली एक काळा, चपटा डबा असेल. पुढे छोटा दिवा, मागे तारांचा गुंता. त्याला सेट-टॉप बॉक्स म्हणतात. मीही तोच, फक्त वयानं बराच मोठा. माझ्या एका कोपऱ्याला तडा गेला आहे आणि माझ्यावरची अक्षरं हात लागून लागून पुसली आहेत. मी गुरुग्राममधल्या एका उंच इमारतीत, ‘पडदा’ नावाच्या कंपनीत राहतो. टीव्हीनं नुसतं बोलू नये, बघणाऱ्याचं थोडं ऐकावंही, यासाठी लागणारं सॉफ्टवेअर ही कंपनी तयार करते. त्या सॉफ्टवेअरचा पहिला श्वास माझ्यात घेतला गेला, याचा मला फार अभिमान आहे.

कंपनीची सुरुवात नोएडात, एका किराणा दुकानावरच्या दोन खोल्यांत झाली. इंद्रजित आणि उल्का हे भाऊ-बहीण दिल्लीच्या आर. के. पुरममध्ये, वडिलांच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढले. दोघंही इलेक्ट्रॉनिक्स शिकलेले. त्यांनी मला विकत आणलं आणि पहिल्याच दिवशी माझं झाकण उघडलं. मी घाबरलो होतो. पण उल्काचा हात हलका होता.

इंद्रजितनं माझ्यासाठी एक प्रश्नमंजूषा लिहिली. रिमोटवरचं लाल बटण दाबलं की चालू कार्यक्रमाच्या खाली एक प्रश्न यायचा आणि चार रंगांच्या चार बटणांनी उत्तर द्यायचं. आज तुम्हाला यात विशेष वाटणार नाही. त्या काळी मात्र टीव्हीला उत्तर देता येतं, हीच मोठी गोष्ट होती. पहिला प्रश्न पडद्यावर उमटला तेव्हा इंद्रजित खुर्चीवर उभा राहून ओरडला, “चल गया यार! उल्के, चल गया!” खालच्या दुकानदारानं छताला काठी ठोकली.

हे कसं घडायचं, तेही सांगतो. चित्र आणि आवाजाबरोबर आकाशातून सॉफ्टवेअरचे तुकडेही येतात. जत्रेतल्या पाळण्यासारखे ते गोल गोल फिरत राहतात. एक तुकडा हुकला तर त्याची पुढची फेरी येईपर्यंत मी वाट पाहतो. मला तो पकडता येतो, पण उलट निरोप पाठवता येत नाही. मी बरा आहे की बिघडलो, हे कंपनीला माझ्याकडून कधीच कळत नाही.

प्रश्नमंजूषा गाजली. मग क्रिकेटचा धावफलक आला, राशिभविष्य आलं, रेल्वेचं वेळापत्रक आलं. कंपनी मोठी झाली आणि गुरुग्रामला गेली. पाहुणे आले की मला काचेच्या कपाटातून बाहेर काढत. पुढे इंटरनेटवर चालणारे टीव्ही आले. नव्या इंजिनिअरांनी नवी यंत्रं मांडली आणि मी कपाटातून एका पुठ्ठ्याच्या खोक्यात गेलो. तिथे अंधार होता. माझ्यावर कोणीतरी जुनी केबल टाकून ठेवली होती.

मग एक दिवस खोकं उघडलं. घरोघरी डिश बसवणाऱ्या एका कंपनीला ‘शाळा’ हवी होती: लाल बटण दाबलं की गणिताचा किंवा विज्ञानाचा धडा. ती पाहणारी मुलं लहान गावांतली होती. त्यांच्या घरी इंटरनेट नव्हतं, पण माझ्यासारखे जुने डबे होते. त्या डब्यांत नवं सॉफ्टवेअर पोहोचवायचं काम सृष्टीकडे आलं. ती हिंगोलीची, पदार्थविज्ञान शिकलेली, नोकरीला नवीनच लागलेली. मला पाहताच ती इंद्रजितना म्हणाली, “सर, आमच्या घरी हाच डबा आहे! आई याच्यावर रिमोट ठेवते.”

प्रयोगशाळेत सगळं सुरळीत झालं. मी तुकडे पकडत होतो, जुनं पुसून नवं लिहीत होतो. सगळे खूश होते. सृष्टीला मात्र हे खऱ्या घरात पाहायचं होतं. आर. के. पुरममध्ये तिच्या सरलामावशी राहतात. एका शनिवारी ती मला पिशवीत घालून मेट्रोनं त्यांच्याकडे घेऊन गेली आणि त्यांच्या डिशच्या तारेला आणि टीव्हीला जोडलं. माझं लिहिण्याचं काम सुरू झालं.

“पोहे थंड होतायत,” मावशी म्हणाल्या. “त्या डब्याकडे काय बघत बसलीस? तो काय पळून जाणार आहे? चल, भाजी घेऊन येऊ.”

सृष्टी उठली. मावशींनी चप्पल घातली, पिशवी घेतली, आणि जाता जाता भिंतीवरचा खटका बंद केला.

माझं निम्मं जुनं सॉफ्टवेअर पुसून झालं होतं आणि निम्मं नवं लिहायचं राहिलं होतं. मी विझलो. त्या परत आल्या, खटका लावला, पण मला काहीच आठवेना. पडदा काळाच राहिला.

“मावशी, खटका कोणी बंद केला?”

“मी. बाहेर पडताना सगळे खटके बंद करायचे, ही आपल्या घरची पद्धत. तुझी आईसुद्धा तेच करते की!”

आता सृष्टीला उमगलं. कंपनीत चोवीस तास वीज असते. तिथे कोणी कधी खटक्याला हात लावत नाही. ही गोष्ट कोणाच्या डोक्यातच आली नव्हती. हे सॉफ्टवेअर असंच सोडलं असतं, तर हिंगोलीपासून पार कुठपर्यंत हजारो घरांतले टीव्ही काळे पडले असते. मुलांना शाळा मिळाली नसतीच, होता तो टीव्हीही गेला असता.

सोमवारी बैठक झाली. उल्काताईंनी माझं झाकण उघडून, तार जोडून, जुनं सॉफ्टवेअर परत भरून मला शुद्धीवर आणलं होतं.

“अच्छा, मग टीव्हीवर सूचना दाखवू,” इंद्रजित म्हणाले. “काम चालू आहे, बंद करू नका.”

“दादा, तू आईला खटका बंद करू नकोस म्हणून कधी सांगून पाहिलंस का?” उल्काताईंनी विचारलं.

सगळे हसले. इंद्रजितही हसले, पण लगेच गंभीर झाले. “मग जुने डबे सोडून देऊ. नव्या डब्यांनाच शाळा देऊ.”

“नवे डबे ज्यांच्याकडे आहेत, त्यांच्याकडे इंटरनेटही आहे,” उल्काताई म्हणाल्या. “मग आपण शाळा केली कोणासाठी?”

सृष्टी हळूच बोलली. “सर, जुनं तसंच ठेवून नवं शेजारी लिहिता येईल. वीज गेली तरी डबा जुन्यावर चालेल. परत आली की राहिलेले तुकडे पकडेल. पण डब्यात जागा नाही.”

“मग?” इंद्रजितनी विचारलं.

“जागा होईल. प्रश्नमंजूषा काढली तर.”

इंद्रजितनी रिमोट उचलला आणि माझं लाल बटण दाबलं. प्रश्न आला. त्यांनी उत्तर दिलं. चूक!

“स्वतः लिहिलेला प्रश्न चुकलास, दादा!”

“काढ,” ते सृष्टीला म्हणाले. “बिल्कुल काढ. डिशवाल्यांकडे मी मुदत मागून घेतो.”

माझ्यातली सर्वांत जुनी गोष्ट निघून गेली. मला वाईट वाटलं, खोटं का सांगू? पण तिच्या जागी अख्खी शाळा मावणार होती.

पुन्हा आम्ही मावशींकडे गेलो. या वेळी इंद्रजित आणि उल्काताईही आले. निम्मं काम झालं तशी सृष्टी म्हणाली, “मावशी, करा बंद.”

“नक्की ना? मागच्या वेळी चेहरा एवढासा झाला होता तुझा.”

खट्! मी विझलो. खट्! मी जागा झालो. जुन्या सॉफ्टवेअरवर बातम्या लावून दिल्या आणि राहिलेले तुकडे शांतपणे वेचले. मावशींनी हौसेनं आणखी चारदा खटका खाली-वर केला. शेवटी उल्काताईंनीच त्यांचा हात धरला. मी मात्र एकही तुकडा गमावला नाही. थोड्या वेळानं लाल बटणावर पहिला धडा उघडला.

शाळा सगळीकडे गेली त्या दिवशी कंपनीत सगळे तक्रारीच्या फोनकडे बघत बसले होते. आम्ही डबे काहीच कळवू शकत नाही, त्यामुळे फोन न वाजणं हीच शाबासकी होती. तो वाजला नाही. दुपारी सृष्टीचा स्वतःचा मोबाइल वाजला. आईचा होता.

“अगं, चुकून लाल बटण दाबलं तर टीव्हीत त्रिकोण आलाय. माझ्याकडून काही बिघडलं का?”

“नाही गं आई,” सृष्टी म्हणाली. “काही बिघडलं नाही. तो त्रिकोण मीच पाठवलाय.”

मित्रांनो, मोठेपणी तुम्हीही काहीतरी नवं बनवाल. ते आधी एखाद्या साध्या घरी घेऊन जा आणि घरातल्या माणसांना नेहमीसारखं वागू द्या. घरी माझ्यासारखा जुना डबा असेल तर त्याच्यावर विणलेला रुमाल घालू नका. वरच्या भोकांतून आम्ही गार होतो. आणि बाहेर जाताना खटका बंद करायची सवय चांगली आहे, ती मुळीच सोडू नका. तिच्याशी जुळवून घेणं हे आमचं काम आहे.