चौदा नंबरची आई

"चार पाकिटं?" डेसीनं गोठवलेल्या मटारची पाकिटं काउंटरवर एकावर एक रचली आणि मान वर केली. "नुआला, तुमच्या घरात खाणारी तोंडं दोन. एवढे मटार कुणासाठी?"

प्रश्न तसा साधा होता. पण दुकानात आणखी तिघं उभे होते, आणि दिवस गुरुवारचा होता. रविवारी डब्लिनला, क्रोक पार्कवर, आमची काउंटी एकसष्ट वर्षांनी गेलिक फुटबॉलची ऑल-आयर्लंड फायनल खेळणार होती. समोर केरी काउंटी. आणि आमच्या संघातला चौदा नंबर, अगदी पुढे गोलाच्या तोंडाशी उभा राहणारा फिंटन फीली, हा नुआलाचा मुलगा. त्या आठवड्यात गावात कुणी कुणाला काही सहज विचारत नव्हतं. खेळाडूंपैकी कुणी शिंकलं तरी त्याची बातमी होत होती.

"आमच्या थोरल्याचा पाय मुरगळला होता ना," पाव घ्यायला आलेला एक जण म्हणाला, "तेव्हा बायकोनं असेच मटार बांधले होते. बर्फापेक्षा बरे. पायाला नीट चिकटून बसतात."

कुणी हसलं नाही. डेसीचा हात पाकिटावर होता तो तिथेच राहिला.

"रविवारी जिंकून आलो तर अर्धा गाव माझ्या स्वयंपाकघरात येणार," नुआला म्हणाली. "आणि हरून आलो तर सगळा. त्यांना काय वाढू, डेसी? तुझ्या दुकानातले शिळे बन?"

मग मात्र सगळे हसले. डेसीनं पाकिटं पिशवीत भरली, वर फिंटनसाठी म्हणून एक चॉकलेट ठेवलं. नुआला बाहेर येऊन गाडीत बसली. मटार गावातून न घेता शहरातून घ्यायला हवे होते, एवढंही आपल्याला सुचलं नाही, याचा तिला राग आला.

नुआला खोटं बोलत नसे. तत्त्व वगैरे काही नव्हतं, कामच तसं होतं. एकोणीस वर्षं ती घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांचं बघत होती. अंघोळ घालायची, नखं कापायची, सूप गरम करून भरवायचं, शेगडी पेटवून द्यायची. रोजची नऊ घरं. या माणसांकडे बाहेरचं जग यायचं ते नुआलाच्या तोंडूनच. कोण गेलं, कुणाचं लग्न ठरलं, डॉक्टर खरं काय म्हणाले. नुआलानं सांगितलं म्हणजे ते तसंच असणार, असं गावात सगळे धरून चालत. तिच्याजवळ दाखवण्यासारखं दुसरं काही नव्हतं, पण हे होतं.

आदल्याच दिवशी, बुधवारी सकाळी, ती कामावर निघायच्या बेतात असताना फिंटन मागच्या दारानं आत आला. तो शहरात, औषधाच्या दुकानावरच्या खोलीत राहायचा, सुतारकाम करायचा. या आठवड्यात त्यानं कामं बंद ठेवली होती. तो खुर्चीत बसला तो उजवा पाय लांब करूनच, आणि तिला कळायचं ते कळलं.

मंगळवारच्या सरावात मांडीमागचा स्नायू फाटला होता. कुणी धक्का दिला नव्हता, आसपास कुणी नव्हतंच. नुसता चेंडूमागे धावला होता. डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे. मॅनेजरनं खोलीचं दार लावून घेतलं आणि सगळ्या पोरांना सांगितलं की ही गोष्ट या चार भिंतींबाहेर जाता कामा नये. केरीवाले महिनाभर फिंटनला अडवायची तयारी करत होते. त्यांचा सगळ्यांत दांडगा बचावपटू त्याच्यासाठीच राखून ठेवला होता. फिंटन खेळतोय असं शेवटच्या घटकेपर्यंत त्यांना वाटत राहिलं, तर त्याच्या जागी येणाऱ्या पोराला थोडी मोकळी जागा मिळेल. बाकी आपल्याकडे आता होतं काय?

"तुलाही सांगायला नको होतं, आई," फिंटन म्हणाला.

"मग सांगितलंस कशाला?"

"कुणाला तरी सांगायचं होतं." मग थोडं थांबून, "बाबांना नको सांगूस."

ते त्यानं सांगायची गरज नव्हती. तिचा नवरा मेल दुधाचा टँकर चालवायचा, चाळीस गोठ्यांवरून दूध गोळा करायचा. माणूस सरळ, पण पोटात काही राहत नसे. सकाळी त्याच्या कानावर पडलेली गोष्ट दुपारपर्यंत चाळीस गोठ्यांत झालेली असे. गेले तीन आठवडे तो प्रत्येक गोठ्यावर दहा मिनिटं जास्त थांबत होता, आणि प्रत्येक शेतकरी त्याला थांबवून घेत होता. पोराच्या निमित्तानं माणसाला आयुष्यात पहिल्यांदाच कुणी थांबवून घेत होतं.

फिंटन अठ्ठावीस वर्षांचा होता. अशी फायनल त्याच्या वाट्याला पुन्हा येईल का, हे मायलेकांपैकी कुणी बोललं नाही. तिनं त्याला चहा करून दिला आणि मांडीला बांधायला उद्या मटार आणून देते म्हणाली. तो प्यायला आणि शेजाऱ्यांच्या नजरेस पडायच्या आत निघून गेला.

गुरुवारी संध्याकाळी रेडिओवर संघ जाहीर झाला. चौदा नंबर, फिंटन फीली. मेलनं आवाज मोठा केला, नंतर बंद केला आणि स्वतःच सगळी पंधरा नावं पहिल्यापासून पुन्हा म्हटली.

शुक्रवारी पहिल्या सहा घरांत तिनं एकच वाक्य सहा वेळा सांगितलं. फिंटन मस्त आहे, जेवतोय, झोपतोय. एका म्हातारीनं त्याच्या गुडघ्यांसाठी मेणबत्ती लावली होती. नुआलानं तिचे आभार मानले आणि तिच्या पायांना मलम चोळताना मान खालीच ठेवली.

सातवं घर पॅकी गिलहूलीचं. वय अठ्ठ्याऐंशी, लग्न केलेलं नाही, दोन वर्षांपासून अंथरुणातच. मागच्या फायनलला तो दोन दिवस सायकल मारत डब्लिनला गेला होता आणि हरलेला सामना बघून दोन दिवस सायकल मारत परत आला होता. शुक्रवारी ती त्याची दाढी करत असे. फेस लावून तिनं गालावर वस्तरा टेकवला तेव्हा त्यानं विचारलं, "पोरगा कसा आहे?"

"मस्त आहे. जेवतोय, झोपतोय."

पॅकी डोळे मिटून पडला होता. "माझी बहीण गेली तेव्हा तू दारातच सांगितलंस. कोट काढायच्या आधी. आठवतं?"

"आठवतं."

"आज आल्यापासून तू हवेबद्दल बोलतेयस."

वस्तरा त्याच्या हनुवटीखाली होता. तिनं तो उचलून पाण्यात बुडवला. बाहेर कुणाचा तरी ट्रॅक्टर गेला; त्याला लावलेला झेंडा फडफडल्याचा आवाज आत आला. पॅकीनं डोळे उघडले नाहीत.

"मी काही विचारत नाही," तो म्हणाला. "दुपारी माझा पुतण्या येणार आहे, तो पेपरात लिहिणारा. पाव्हणा म्हणून नाही येत तो, बातमी काढायला येतोय. त्याला सांगेन, नुआला आत्ताच येऊन गेली, पोरगा घोड्यासारखा पळतोय म्हणाली. अंथरुणावरचा माणूस कशाला खोटं बोलेल, असं त्याला वाटेल." मग त्यानं हनुवटी वर केली. "आता कर नीट. अर्धीच दाढी ठेवून जाऊ नकोस."

तिनं दाढी पुरी केली, गरम पाण्यात टॉवेल पिळून त्याचा चेहरा पुसला, आणि नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ पुसत राहिली.

शनिवार सगळ्यांत वाईट गेला. मेलनं फाटकावर पलंगाची पांढरी चादर बांधली होती आणि तिच्यावर निळ्या रंगात चौदाचा आकडा काढला होता. रस्त्यानं जाणारी प्रत्येक गाडी भोंगा वाजवत होती, आणि प्रत्येक भोंग्याला मेल खिडकीशी जाऊन हात हलवत होता. जेवायला बसला, पण बटाट्याला काटा टोचून नुसता फिरवत राहिला.

"हरण्याचं काही नाही गं," तो म्हणाला. "हरण्याची आपल्याला सवय आहे. त्याच्या हातून काही चुकायला नको, एवढंच. एक फ्री किक हुकली तर लोक चाळीस वर्षं तेच काढत बसतील."

तिनं काटा खाली ठेवला. आता सांगून टाकावं, या माणसाला एक रात्र तरी द्यावी पचवायला, असं तिच्या अगदी ओठांवर आलं.

"मला फक्त एक बघायचंय," मेल म्हणाला. "बँडच्या मागून तो मैदानाला फेरी मारताना. तेवढं बघितलं की पुढे काही होवो."

नुआला उठली आणि दोरीवरचे कपडे काढायला मागच्या अंगणात गेली. कपडे अजून ओले होते. तिनं ते एकेक करून काढले, आत आणले आणि शेगडीसमोर पुन्हा वाळत घातले. मेलनं विचारलं, तू इतकी गप्प का? ती म्हणाली, भीती वाटतेय. ते तरी खरं होतं.

रविवारी चर्चमध्ये पहाटेची मिस्सा झाली आणि सगळी काउंटी रस्त्यावर आली. डब्लिनमध्ये गाडी लावून त्यांनी डिकीवर बसून हॅमची सँडविचेस खाल्ली, म्हणजे मेलनं खाल्ली. तिनं थर्मासमधला नुसता चहा घेतला. खेळाडूंच्या घरच्यांसाठी स्टँडमध्ये वेगळ्या जागा होत्या. खालच्या रांगेत आयटा किलगॅनन बसली होती. तिचा ओरान, वय एकोणीस, राखीव खेळाडूंत तेवीस नंबर. आयटाच्या हातात जपमाळ होती आणि बोटांची पेरं पांढरी पडली होती. तिनं मागे वळून नुआलाकडे पाहिलं. दोघींनाही कळलं की दुसरीला ठाऊक आहे. दोघींनीही नजर दुसरीकडे वळवली.

सामन्याला वीस मिनिटं असताना लाउडस्पीकर खरखरला. संघात एक बदल. क्रमांक चौदा, फिंटन फीली याच्या जागी क्रमांक तेवीस, ओरान किलगॅनन.

आमच्या बाजूच्या हजारो माणसांनी एकदम श्वास सोडला. त्या आवाजाला शब्द नव्हता. मेल ताडकन उभा राहिला, जणू कुणाशी तरी भांडायचं होतं, मग ते कुणाशी हे न कळून खाली बसला. त्यानं नुआलाकडे पाहिलं. ती समोर मैदानाकडे बघत होती. आजूबाजूच्या माणसांसारखी ती दचकली नव्हती, हे त्याच्या लक्षात आलं.

"केव्हापासून?" त्यानं विचारलं.

"बुधवारपासून."

बँड सुरू झाला. दोन्ही संघ रांगेनं मैदानाला फेरी मारू लागले आणि सगळा स्टँड उभा राहिला. मेलही उभा राहिला, टोपी काढून. आमच्या रांगेत ओरान होता, किरकोळ पोरगा, ओठ घट्ट मिटलेले. रांग समोर आली तेव्हा मेलनं हाक मारली, "ओरान, पोरा, ताठ चाल." आवाज फाटला. आयटानं वळून पाहिलं. त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि राष्ट्रगीत संपेपर्यंत तो काढला नाही.

नुआलाशी तो मध्यंतरापर्यंत बोलला नाही. मग, समोर बघतच, म्हणाला, "मला सांगितलं असतंस तर काय झालं असतं?"

"तू गोठ्यांवर सांगितलं असतंस."

मेलनं विचार केला. "पहिल्याच गोठ्यावर," तो म्हणाला. आणि तिच्याकडचा थर्मास मागून घेतला.

केरीवाल्यांनी महिनाभर बसवलेली व्यूहरचना वीस मिनिटांत बदलता आली नाही. त्यांचा दांडगा गडी गोलाच्या तोंडाशीच राहिला, कारण उंचावरून येणारे चेंडू तिथे येणार असं त्यांनी धरलं होतं, आणि ओरान त्याच्या पायांतून सशासारखा पळत राहिला. सामना संपायला सात मिनिटं असताना गोल त्यानंच केला, म्हणजे एकदम तीन पॉइंट. आम्ही एका पॉइंटनं जिंकलो. शिट्टी वाजली तेव्हा माणसं कुंपणावरून मैदानात उतरली, पोक्त माणसं गवतावर बसून रडली. आयटाला कुणीतरी उचलूनच घेऊन गेलं. मेल आणि नुआला आपल्या जागेवर उभे राहून टाळ्या वाजवत होते. कपाच्या आसपास फिंटन दिसतो का, हे दोघंही बघत होते. तो दिसला, ट्रॅकसूटमध्ये, कडेला, इतरांच्या पाठी थोपटत.

नंतर ते स्टँडखालच्या वाटेवर थांबले, जिथून संघाची बस निघणार होती. ओळखीची माणसं येत, मेलचा हात हातात घेऊन वाईट वाटलं म्हणत, आणि म्हणता म्हणता हसत, कारण त्यांना हसू आवरत नव्हतं. मेल प्रत्येकाला सांगत होता, कप आला ना घरी, मग झालं. खेळाडू एकेक करून बाहेर आले. पोरं ओरानभोवती गोळा झाली. फिंटन सगळ्यांत शेवटी आला. दाराशी तो थांबला. बस शंभर पावलांवर होती आणि दोन्ही बाजूंना गर्दी, झेंडे, टीव्हीची माणसं. लंगडताना या सगळ्यांनी आपल्याला बघावं, असं त्याला वाटत नव्हतं.

मेल पुढे झाला. त्यानं मुलाच्या पाठीवरून हात फिरवला आणि त्याच्या उजव्या बाजूला जाऊन त्याचा दंड धरला. एरवी लांब ढांगा टाकणारा माणूस, पण आता लंगडत एकेक पाऊल जपून टाकू लागला. नुआला पिशवी घेऊन मागून चालली. वाटेत एका बाईनं मेलकडे पाहिलं आणि आपल्या पोरांना बाजूला ओढलं. जागा द्या रे, ती म्हणाली, आजोबांना चालवत नाही दिसत.

मेलनं मान हलवून तिचे आभार मानले आणि आणखी थोडा लंगडला.