कोबीचा कान

सकाळी फोन आला की माल न्यायची गाडी बिघडली आहे, तीन दिवस येणार नाही. दादा मटकन बांधावरच बसला.

आदल्याच दिवशी, गड्डे वजनाला भरावेत म्हणून, त्यानं कोबीला पोटभर पाणी पाजलं होतं. तयार कोबीला पाणी म्हणजे जेवून उठलेल्या पाहुण्याला पुन्हा आग्रह. मुळं पाणी ओढत राहतात, आतली पानं वाढत राहतात आणि घट्ट गड्डा टचकन उलतो. उललेला गड्डा कोण घेणार? तीन दिवसांत सगळं शेत गुरांपुढे गेलं असतं.

"कान पिळा," बाबा ओसरीवरून म्हणाले.

कान पिळायचा म्हणजे गड्डा दोन्ही हातांत धरून जागच्या जागी पाव फेरा फिरवायचा. मातीखाली थोडी मुळं तुटतात, रोपाची तहान मंदावते, वाढ थांबते. आजवर हे काम बाबांचंच. आता त्यांची बोटं आखडली होती आणि दादानं कधी शिकून घेतलं नव्हतं.

"मी पिळते," मी म्हणाले. सुट्टीला आले होते.

"तू? उपटी?" एवढ्या काळजीतही दादाला हसू आलं.

हे नाव मला आठव्या वर्षी पडलं. दंवानं भिजलेली निळसर पानं, पुढे बाबा, मागे अनवाणी मी. त्यांच्या हाताखाली मुळं कर्र वाजत, ओलं कापड फाटावं तशी. मलाही तो आवाज हवा होता. एकदा कर्र, दोनदा कर्र; मी पिळतच सुटले. दुपारी माझी अख्खी ओळ माना टाकून पडली आणि मी पाण्याच्या टाकीमागे लपले. बाबांनी शोधून काढलं. म्हणाले, "बाई गं, माझा कान एवढा पिळू नकोस, हातात येईल." मग आठवडाभर ताटात कोबीच कोबी.

ती ओळ अजून माझ्या मनगटात होती. बाबा काठी टेकत शेताच्या कडेला पोचेपर्यंत माझी पहिली ओळ झाली होती. ते खुर्चीत बसले, डोळे मिटले.

"हं, पिळ."

कर्र.

"बास."

पुढचा गड्डा. कर्र. "बास." मी पुढे, दादा शेजारच्या ओळीत, आणि मागून तो आवाज, लहानपणीचाच, थोडा झिजलेला. दिवस कलला तेव्हा शेत संपलं होतं आणि बाबांचा घसा बसला होता.

चौथ्या दिवशी गाडी आली. शेतभर गड्डे गोल, घट्ट, शहाण्या मुलांसारखे. फक्त पहिली ओळ उलली होती. बाबा यायच्या आधीची, भीत भीत पिळलेली.

मी तिथंच उभी राहिले. टाकी अजून जागेवर होती, पण लपायचं वय राहिलं नव्हतं.

बाबांनी काठीनं एक भेग चाचपली. "तेव्हा जास्त पिळलंस, आता कमी. दोन्ही ओळी मिळून बरोबर पाव फेरा झाला बघ."

वहिनीनं दोन फुटके गड्डे काखेत मारले. "म्हणजे आठवडाभर पुन्हा कोबीच ना?"