परतीच्या विमानातलं चौथं नाव

विमानाच्या तिकिटांचा सेल सकाळी दहाला सुरू होणार होता. ताई साडेनऊलाच दातांच्या लॅबमध्ये येऊन बसली. लॅबमध्ये दोन कॉम्प्युटर होते. मालक त्या दिवशी बाहेरगावी असल्यामुळे दोन्ही मोकळे होते. एकासमोर ती बसली आणि दुसऱ्यासमोर पॉलिशवाला. तो कवळ्या घासून गुळगुळीत करायचा, आणि हात चालू असो वा नसो, तोंड चालू असायचं.

"दोन्हीकडून बसू. ज्याचं आधी उघडेल त्याच्यावर काढू," तो म्हणाला. "मागच्या सेलला मी सासूबाईंना परत पाठवायला बसलो होतो. दोन तास रांगेत. नंबर लागला तोवर तिकिटं खलास. अजून आमच्याकडेच आहेत."

"मग आज त्यांचंही बघ."

"बघू. आता सवय झालीय त्यांची. टीव्हीचा रिमोट तेवढा हातात येत नाही."

तिकिटं तिघांची हवी होती. ताई, आई आणि बाबा. तेरा मार्चला जायचं, चौदाला सकाळी अकराला कोर्टात उभं राहायचं आणि त्याच संध्याकाळच्या विमानाने परतायचं. त्या शहरात मोठं बंदर होतं. रेल्वेने तिथे पोचायला तीस तास लागत, आणि आईच्या गुडघ्यांना आता तीस मिनिटं बसणंही जड जात होतं. विमानाचं नेहमीचं भाडं तिघांना झेपणारं नव्हतं. सेल दुपारी बाराला संपणार होता.

कोर्टाचं काम धाकट्या भावाबद्दलचं होतं. घरात त्याला बारक्या म्हणत. आठ वर्षांपूर्वी तो त्या बंदरात जहाजं दुरुस्त करायच्या कामाला लागला. अकरा महिने दर रविवारी त्याचा फोन येत राहिला. मग एका रविवारी आला नाही. खोलीमालकाने सांगितलं, भाडं चुकतं केलं, चादर घडी करून ठेवली, किल्ली हातात दिली आणि गेला. कुठे, ते खोलीमालकाने विचारलं नव्हतं. त्यानंतर बारक्याला पाहिलेला माणूस कोणालाही सापडला नाही.

त्याच्या एका दाढेची टोपी ताईने याच लॅबमध्ये स्वतःच्या हाताने केली होती. त्यामुळे त्याच्या दातांचा साचा तिच्याकडे होता. तिकडच्या पोलिसांनी तो तीन वेळा मागवला. तीनही वेळा तिने तो कापसात गुंडाळून पाठवला आणि तीनही वेळा, जुळत नाही, अशा चिठ्ठीसकट तो परत आला. पहिल्या वेळी ती रडली. दुसऱ्या वेळी तिला हसू आलं आणि त्या हसण्याची तिला भीती वाटली. तिसऱ्या वेळी तिने पाकीट न उघडता तसंच कपाटात ठेवून दिलं.

सात वर्षं माणसाची काहीच खबर नसेल, तर तो शेवटचा जिथे राहत होता तिथल्या कोर्टाकडून तो मृत असल्याचा कागद मिळतो. घर बाबांच्या आणि बारक्याच्या नावावर होतं. बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. "माझ्यामागे तुम्हा दोघींना भानगड नको," एवढंच सांगून त्यांनी वकील गाठला होता. वकिलाने तिघांच्या जबाबाचा मसुदा पाठवला. त्यातलं चौथं वाक्य असं होतं: सदर व्यक्ती हयात आहे असे मानण्यास माझ्याकडे कोणतेही कारण नाही. हे वाक्य कोर्टासमोर म्हणायचं होतं. ताईने ते घरी मोठ्याने वाचून पाहिलं होतं. 'कोणतेही' या शब्दापर्यंत ती यायची आणि मसुदा घडी करून ठेवायची. आईने मसुदा वाचलाच नाही. "जायचं ना? जाऊ या," ती म्हणाली होती. तीही सध्या एवढंच बोलत होती.

दहा वाजले. दोन्ही पडद्यांवर रांगेचे आकडे आले. ताईच्या पुढे अकरा हजार माणसं होती, पॉलिशवाल्याच्या पुढे चौदा हजार.

"एवढी माणसं जातात कुठे?" तो म्हणाला. "सगळ्यांच्याच सासवा आल्यात की काय?"

दहा सव्वीसला ताईची साइट उघडली. जाण्याची तीन तिकिटं नऊ मिनिटांत निघाली. परतीच्या विमानावर एक वेगळी पट्टी होती. त्या संध्याकाळच्या विमानाला बहुधा गिऱ्हाईक नव्हतं. चार किंवा जास्त प्रवासी असतील, तर माणशी भाडं निम्मं. पॉलिशवाला खुर्ची सरकवत तिच्याकडे आला आणि त्याने तोंडाने हिशेब केला.

"तिघांपेक्षा चौघं स्वस्त पडतायत. ही कसली तऱ्हा? टाक कोणाचंही नाव. माझं टाक. मी काही येत नाही, पण विमानात माझी जागा रिकामी जातेय हे ऐकून बरं वाटेल."

ताईने नावांची जुनी यादी उघडली. आधी ज्यांची तिकिटं काढली होती त्या सगळ्यांची नावं तिच्या खात्यात जपून ठेवलेली होती. चार नावं होती. चौथं बारक्याचं होतं, जन्मतारखेसकट. आठ वर्षांपूर्वी त्याचं बंदराला जायचं तिकीट तिनेच काढलं होतं, असल्याच एका सेलमध्ये. त्याला रेल्वेने जायचं होतं. ती म्हणाली होती, "वेडा आहेस का, एवढं स्वस्त पुन्हा मिळणार नाही."

तिने चारही नावांसमोर खूण केली. पॉलिशवाल्याने चौथं नाव वाचलं आणि खुर्ची थोडी मागे घेतली. तो लॅबमध्ये नऊ वर्षं होता. तिसरं पाकीट त्यानेच टपालवाल्याकडून घेतलं होतं.

"भाडं कमी होतंय म्हणून," ताई म्हणाली.

"हो ना. त्यासाठीच."

जागा पंधरा मिनिटं धरून ठेवल्याचं पडद्यावर आलं आणि कोपऱ्यात मिनिटं उलटी मोजली जाऊ लागली. तिने पुढचं बटण दाबलं. पान हललं नाही. चौथ्या नावाभोवती लाल चौकट आली. खाली एक ओळ होती: या प्रवाशाचे या विमानासाठी आरक्षण आधीच झालेले आहे.

तिने ती ओळ दोनदा वाचली. तारीख तपासली. चौदा मार्च, संध्याकाळी पाच वीस. त्या बंदराहून रोज एकच विमान इकडे येत असे. तिने चौथ्या नावाची खूण काढली. लाल चौकट गेली. पुन्हा खूण केली. चौकट परत आली.

"साइट गंडली असेल," पॉलिशवाला म्हणाला. त्याने आपल्या कॉम्प्युटरवर, रांगेत उभ्या असलेल्या पानावर, उगाचच माऊस फिरवला. "सेलच्या दिवशी काहीही दाखवतात."

ताईने हेल्पलाइनला फोन लावला. चार मिनिटं सतारीसारखं काहीतरी वाजत राहिलं. मग एक मुलगी आली. आवाजावरून विशीतली असावी.

"नाव तेच आणि जन्मतारीखही तीच असेल तरच सिस्टिम अडवते, मॅडम. बुकिंग आहे."

"कोणी केलंय?"

"ते मला सांगता येत नाही."

"मी सख्खी बहीण आहे त्याची."

"मग त्यांनाच विचारा ना, मॅडम."

पलीकडे त्या मुलीच्या मागे आणखी वीसेक जण बोलत होते. सगळे कोणाला ना कोणाला नाही म्हणत होते.

"निदान कधी केलंय ते सांगा. जुनं असेल, आठ वर्षांपूर्वीचं."

"नाही नाही. आजचंच आहे. दहा वाजून अकरा मिनिटांनी. मॅडम? तुम्ही आहात का लाइनवर?"

ताईने फोन ठेवला. दहा चव्वेचाळीस झाले होते.

तेहेतीस मिनिटांपूर्वी कोणीतरी बारक्याचं नाव टाइप केलं होतं. तीही त्या वेळी त्याच रांगेत होती. अकरा हजारांत तो कुठेतरी तिच्या पुढे उभा होता. त्याला चौदा तारखेच्या सुनावणीची नोटीस दिसली असेल. वकिलाने ती तिकडच्या पेपरात छापून आणली होती. त्याने ती वाचली असेल, कुठल्याशा खोलीत, घडी केलेल्या चादरीवर बसून. आपल्याला मेलेलं ठरवायला घरचे तिघं येणार आहेत आणि त्याच संध्याकाळी परत जाणार आहेत, हे त्याने ओळखलं असेल. आणि मग त्याने तेच विमान निवडलं. समोरच्या फळीवर आठवड्याभरातल्या गिऱ्हाइकांचे दातांचे साचे ओळीने मांडलेले होते. पांढरे, उघड्या जबड्यांचे, प्रत्येकाखाली चिठ्ठी. तिने खुर्ची फिरवून त्यांच्याकडे पाठ केली.

"सहा मिनिटं राहिलीत," पॉलिशवाला हलक्या आवाजात म्हणाला.

आईला सांगणं शक्य नव्हतं. आईला सांगितलं आणि ते खरं नसलं, तर आई पुन्हा उठून बसणार नाही. तिने बाबांना फोन लावला. पहिल्याच घंटेला त्यांनी उचलला.

"झाली का तिकिटं?"

"बाबा, आई जवळ आहे?"

"आत आहे. का?"

"परतीच्या विमानात बारक्याचं तिकीट आहे. आधीच. आज सकाळी कोणीतरी काढलंय."

बाबांच्या मागे स्वयंपाकघरात नळ चालू होता. तो बंद झाल्याचंही ऐकू आलं.

"तू कशाला बघायला गेलीस?" ते म्हणाले.

"चौघांना भाडं निम्मं आहे म्हणून मी त्याचं नाव घातलं. बाबा, तो आहे. त्याला माहीत आहे आपण येतोय ते."

"ताई."

"हेल्पलाइनवाली म्हणाली आजचंच आहे. म्हणजे..."

"ताई, दहा वाजून अकराला मी काढलं ते."

वेळ त्यांनी न विचारता सांगितली. बस डेपोत चाळीस वर्षं त्यांनी वेळापत्रकं लिहिली होती, मिनिटाशिवाय त्यांना वेळ सांगता येत नसे. तेवढ्या एका मिनिटात खोली, चादर आणि पेपर वाचणारा माणूस, सगळं नाहीसं झालं.

"तुम्ही?"

"हो."

"तुम्हीच ना कागद करायचा म्हणालात? मी रडले तर मला म्हणालात, मोठी झालीस आता."

"कागद करायचाच आहे. त्यात बदल नाही."

"मग हे काय?"

"सकाळी अकराला सुनावणी. विमान पाच वीसला. मधे सहा तास वीस मिनिटं राहतात." बाबांचा आवाज खाली गेला. आई दाराजवळ आली असावी. "तो येणार असेल तर तेवढ्यात येईल. आला आणि आपल्याकडे त्याचं तिकीट नसलं, तर? तिथे आयत्या वेळी काय भाव असतो, तुला माहीत आहे."

"बाबा."

"दर सेलला काढतो. हे नववं. एकट्याचं, तिकडून इकडे. स्वस्त असतं तेव्हाच काढतो. तारीख गेली की नवं बघायचं. कागद झाला की काढता येणार नाही, म्हणून हे शेवटचं."

"आणि ते चौथं वाक्य? कोणतेही कारण नाही, असं आपण म्हणायचं. तुम्हीसुद्धा."

"म्हणेन मी. तूही म्हण. ते खोटं कुठे आहे? माझ्याकडे कारण नाहीच. तिकीट आहे फक्त."

पॉलिशवाल्याने ताईच्या समोर दोन बोटं धरली. दोन मिनिटं. तिने मान हलवली, चौथ्या नावाची खूण काढली आणि तिघांची तिकिटं सेलच्याच पूर्ण भाड्याने काढली. मुदत संपायला चाळीस सेकंद असताना पैसे गेले आणि पडद्यावर हिरवी खूण आली.

"झाली," ती फोनवर म्हणाली. "आता त्याच्या बुकिंगचा नंबर सांगा."

"कशाला? रद्द करून पैसे मिळत नाहीत. मी बघितलंय."

"रद्द करत नाहीये. नंबर सांगा."

बाबांनी सहा अक्षरं एकेक करून सांगितली. त्यांना पाठ होती. ताईने दुसरं पान उघडलं. बारक्याचं नाव आलं, पूर्ण, आडनावासकट, आणि त्याच्याखाली: जागा निवडलेली नाही. जागा निवडायचे वेगळे पैसे पडत होते. नऊही वेळा बाबांनी ते वाचवले असणार.

विमानाचा नकाशा उघडला. बहुतेक चौकोन रिकामे होते. तिने आधी आईला खिडकी दिली, मधे बाबांना बसवलं, वाटेच्या कडेची जागा स्वतः घेतली. मग बारक्याच्या पानावर जाऊन, त्याच ओळीत, वाटेच्या पलीकडची जागा दाबली. चौकोन निळा झाला. तिने आपलं कार्ड काढलं आणि पैसे भरले.

पॉलिशवाला हे सगळं पाहत होता. त्याच्या कॉम्प्युटरवर त्याचा नंबर लागला होता, पान उघडून त्याची वाट पाहत होतं. त्याने तिकडे बघितलंही नाही. तो उठला, पॉलिशच्या मोटरीपाशी गेला, पण मोटर चालू केली नाही.

बाबांच्या फोनवर मेसेज पोचल्याचा आवाज ताईला इकडे ऐकू आला. ते बराच वेळ वाचत राहिले.

"बारा ड म्हणजे कुठली?" त्यांनी विचारलं.

"माझ्या शेजारची. मधे फक्त वाट आहे."

"पाय लांब करता येतील ना त्याला?"

ताईने नकाशाकडे पाहिलं.

"येतील," ती म्हणाली. "एक पाय तरी येईल."

"बरं."

मागून आईचा आवाज आला, अगदी जवळून. "कोणाशी बोलताय एवढा वेळ?"

"ताईशी. तिकिटं झाली."

"किती जणांची?"

ताईने फोन कानाशी घट्ट धरला.

"सगळ्यांची," बाबा म्हणाले.